उत्तम शुक्रवारची खिचडी

तुपात जिरं तडतडलं की मला अजून उत्तम शुक्रवार आठवतो, येशूच्या मरणाचा दिवस. आणीबाणी नुकतीच उठली होती. गंगापूर रोडजवळच्या आमच्या घरात लेंटभर, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, मटण बंद, रेडिओ बंद, आणि या शुक्रवारी तर तीन वाजता चर्चमधली उपासना संपेपर्यंत पाणीसुद्धा नाही. त्या दुपारी उन्हातून घरी पोचलो, तर दारात शेजारची काकू साबुदाण्याच्या खिचडीची ताटली घेऊन उभी. उपास म्हणजे खिचडी, एवढंच तिला ठाऊक. आईचा चेहरा उतरला. वडील चर्चचे पंच. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न ते उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. दिवाळीत त्यांनी काकूचा फराळ परत पाठवला होता, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं जेवढ्यास तेवढं. वडिलांनी कोरडेपणानं विचारलं, "वहिनी, देवाला दाखवलीत का ही?" आईनं माझा दंड घट्ट धरला. "नाय हो भाऊ," काकू म्हणाली, "उपास तुमच्या देवाचा, मग आमच्या देवाला आधी कशी दाखवू? तुम्हीच दाखवा तुमच्या देवाला." आमच्यात नैवेद्य नसतोच. वडिलांनी ताटली दोन्ही हातांनी घेतली, भिंतीवरच्या क्रुसाखाली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आत या वहिनी, प्रार्थना करू." आता वडील नाहीत, काकूही नाही. माझं लेंटमध्ये मटण सुटतं न सुटतं. पण उत्तम शुक्रवारी क्रुसाखाली खिचडी ठेवल्याशिवाय मी उपास सोडत नाही, आणि चर्चमधलं कुणी नाक मुरडलं, तर त्यालाही जेवायला बसवतो.