राजीखुशीचा कागद

आमच्या घरात मी पहिला पदवीधर, म्हणून धाकट्या बहिणीची सोडचिठ्ठी लिहायला पंचांनी पेन माझ्याच हातात दिलं. नवऱ्यानं तिला हाकलून दिलं होतं, हे अख्ख्या राजुरीला माहीत होतं. पण पंच म्हणाले, "भाऊ, वाईट कशाला लिव्हायचं? उद्या पोरीचं दुसरं जमवायचंय." मलाही पटलं. स्टॅम्पपेपरवर मी झोकात लिहिलं, 'दोघे राजीखुशीने वेगळे राहत आहेत.'

दुसरं काही जमलं नाही. यंदा तिनं जुन्नरच्या कोर्टात पोटगी मागितली, तेव्हा नवऱ्याच्या वकिलानं तेच वाक्य वाचून दाखवलं. राजीखुशीनं वेगळी राहणारी बायको पोटगी मागू शकत नाही म्हणे. असल्या कागदानं घटस्फोटही होत नाही, हे मला तिथंच कळलं.

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, तू सांग ना साहेबांना, खरं काय झालं व्हतं ते. तू तर शिकलेला हायेस."

मी साक्षीला तयार होतो. आमचे वकील म्हणाले, "द्या साक्ष. पण भाऊ बहिणीच्या बाजूनं बोलणारच, असं म्हणतील. आणि कागदावरचं अक्षर तुमचंच आहे."