शारजातलं अरबी कासव

माझ्या थोरल्या भावाच्या मागच्या अंगणात हरणं येतात. माझ्या घराच्या मागे शेजारच्या बिल्डिंगचे बावीस एसी आहेत.

भाऊ, म्हणजे नासीरभाई, अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. मी शारजात, रोल्लाला, चौथ्या मजल्यावर. आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज त्याच्या अंगणातला एक फोटो पडतो. हरण गवत खातंय. खार शेंगदाणा सोलतेय. कुंपणावर लालभडक कार्डिनल पक्षी बसलाय. एकदा तर रॅकून नावाचा एक प्राणी चक्क कचऱ्याचा डबा उघडून आत डोकावत होता. (आमच्या बिल्डिंगमध्ये हेच काम मांजरं करतात, पण त्यांचे फोटो कुणी काढत नाही.) खाली नासीरभाईची एकच ओळ असते, "आज आपल्याकडे पाहुणे." ती पडली की लगेच साऱ्या नातेवाइकांचे बदाम.

माझं हरणांशी काही वाकडं नव्हतं. प्रश्न अम्मीचा होता.

अब्बा गेल्यापासून अम्मी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात एकटी राहते. मागच्या वर्षी आम्ही दोघा भावांनी मिळून तिचा पासपोर्ट काढला. तिने बजावून सांगितलं, "माझ्या गुडघ्यांना एकच विमान झेपेल. नासीरकडे नायतर तुझ्याकडे. हिवाळ्यात तीन महिने. कुठे ते मी ठरवीन."

मी गल्फमध्ये एकोणीस वर्षं आहे. अम्मीला इथे आणायचं एकोणीस वर्षं ठरवतोय. आधी रूम शेअरिंगची होती, मग व्हिसाच्या नियमात पगार बसत नव्हता, मग कोविड आला. तिच्या हातचं आंबोळीचं पीठ माझ्या स्वयंपाकघरात भिजलेलं बघायचं, एवढीच माझी इच्छा होती. आणि आता मध्ये ही हरणं उभी होती.

एके दिवशी फोनवर तिने सरळ विचारलं, "नासीरकडे तर किती काय काय येतं अंगणात. मला बसल्या बसल्या दिवस जाईल. तुझ्याकडे काय हाय बघायला?"

मी म्हणालो, "अम्मी, इथे पण खूप आहे. जंगली प्राणी, पक्षी, सगळं."

"शारजात?"

"मग काय. मी फोटोच पाठवतो."

माझी बायको शाहीन कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली. "अहो, कुठले प्राणी?"

"शोधू," मी म्हणालो.

आता फोटोग्राफी मला येत नाही असं नाही. मी शारजा इंडस्ट्रियल एरियात स्पेअर पार्ट्सच्या एका गोडाउनमध्ये स्टोअरकीपर आहे. माल फुटका आला की क्लेमसाठी फोटो मीच काढतो. गेली दहा वर्षं गिअरबॉक्स, रेडिएटर, सायलेन्सर असे हजारो फोटो मी काढलेत. त्याची एक पद्धत आहे. चारही बाजूंनी चार फोटो घ्यायचे आणि शेजारी सहा इंची स्टीलची पट्टी ठेवायची, म्हणजे साइज कळतो. पट्टी नसेल तर क्लेम रिजेक्ट. ही पट्टी माझ्या हाडात इतकी भिनलीय की मुलीच्या वाढदिवसाच्या एका फोटोतसुद्धा ती आहे. साहेबांना विचारून ऑफिसचा कॅमेरा मी दोन आठवड्यांसाठी घरी आणला.

पहिला फोटो बाल्कनीतल्या कावळ्याचा. कठड्यावर पट्टी ठेवली, शेजारी पावाचा तुकडा, कावळा आला, खटाखट चार फोटो. ग्रुपवर टाकले.

अम्मीचा व्हॉइस मेसेज आला, "हा आपला कावळा नाय काय?"

दुसऱ्या दिवशी मैना. "ही साळुंकी. आपल्या पडवीत दोन हायत." तिसऱ्या दिवशी मोठ्या मेहनतीने पोपट. "हा पेरूवरचा. हाकल त्याला."

माझी मुलगी झोया तेरा वर्षांची. जन्म इथलाच. तिने मोबाइलवर शोधून जाहीर केलं, "पप्पा, दीज क्रोज केम फ्रॉम इंडिया. ऑन शिप्स. मैनाज टू."

म्हणजे शारजातले प्राणीसुद्धा आमच्यासारखेच. नोकरीला आलेले आणि मग राहिलेले. हे ऐकून मला बरं वाटलं, पण अम्मीला विमानात बसवायला ते पुरेसं नव्हतं.

मग मला फ्लेमिंगो आठवले. दुबईतल्या रास अल खोरला आमच्या कंपनीची डिलिव्हरी जाते, आणि तिथल्या खाडीत ते गुलाबी पक्षी शेकड्यांनी उभे असतात. एका डिलिव्हरीला ड्रायव्हरबरोबर मी मुद्दाम गेलो. पण गाडी थांबवायला जागा नाही, मागून सगळे हॉर्न देतायत, मी खिडकीतून कॅमेरा काढून जमेल तसं दाबत राहिलो. चार फोटोंपैकी तीनांत आमच्याच ट्रकचा आरसा आला. चौथ्यात लांबवर गुलाबी ठिपके. (पट्टी आहे, माझ्या हातात. फ्लेमिंगो तिच्या मानाने दोन मिलिमीटरचे दिसतात.)

अम्मीने विचारलं, "कोणी कपडे वाळत घातलेत काय?"

नासीरभाईने खाली लिहिलं, "गुड ट्राय, इकबाल." आणि लगेच हरणाचं पाडस टाकलं. दोन दिवसांचं. पाय अजून लटपटत होते. बदामांचा नुसता पाऊस. अम्मीने त्यावर पहिल्यांदाच स्वतःहून टाइप केलं, "किती गोड." मी समजलो की आता प्रकरण हाताबाहेर चाललंय.

अशा वेळी झोया शाळेतून आली आणि म्हणाली, "पप्पा, देअर इज अ टर्टल इन द पार्क पाँड."

घरापासून दहा मिनिटांवरच्या बागेत एक छोटं तळं आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघं गेलो, तर खरंच! तळ्यातल्या दगडावर एक कासव मान वर करून ऊन खात बसलेलं. हिरवं अंग, आणि कानाच्या जागी दोन्हीकडे लाल पट्टा. असं कासव मी रत्नागिरीत जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणजे ते इथलंच असणार. मी लांबूनच एक फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली ठोकून दिलं, "अरबी कासव. फक्त इथेच सापडतं."

झोया म्हणाली, "पप्पा, आर यू शुअर? लेट मी चेक."

"चेक काय करायचंय. शारजात आहे म्हणजे अरबीच."

पाचच मिनिटांत अम्मीचा मेसेज आला. "हे कायतरी नवीन हाय. जवळून दाखव. केवढं हाय?"

केवढं हाय! दहा वर्षं मी ज्या प्रश्नाचं उत्तर देतोय तोच प्रश्न. माझा हात आपोआप खिशातल्या पट्टीकडे गेला.

पण कासव दगडावर, दगड तळ्यात, मी काठावर. ते जवळ यायला हवं होतं. त्याची सोय मी घरूनच करून आणली होती. गेल्याच आठवड्यात गावाहून येणाऱ्या एका माणसाबरोबर अम्मीने सुका जवळा पाठवला होता. त्यातला मूठभर मी शाहीनच्या नकळत पिशवीत घेतला होता. कोकणातला जवळा बघून जगातलं कुठलं कासव जागचं हलणार नाही?

मी काठावर जवळा टाकला. कासवाने मान फिरवली, एवढंच. पण वास भलतीकडे पोचला. झुडपातून एक मांजर आलं, मग दोन, मग त्यांचं सगळं खानदान. वरून कावळे उतरले (ते ऑन शिप्सवाले, त्यांनी तर वास बरोबर ओळखला). दोन मिनिटांत माझ्या पायाशी एवढी गर्दी झाली की फिरायला आलेल्या एका बाईने रस्ता बदलला.

"पप्पा, एव्हरीवन इज लुकिंग," झोया दोन पावलं मागे सरकत म्हणाली. तिच्या हातात मोबाइल होता. तो चालू आहे हे मला नंतर कळलं.

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. लहानपणी खाडीत चिंबोऱ्या धरायला उतरायचो तशीच. विचार साधा होता. तळं गुडघाभर, दगड चार पावलांवर. हळूच जायचं, दगडावर पट्टी ठेवायची, मागे यायचं, चार फोटो. खाडीचा तळ चिखलाचा असतो, त्यात पाय रुततो. या तळ्याचा तळ सिमेंटचा होता आणि त्याच्यावर शेवाळ. तिथे पाय रुतत नाही. तिथे पाय जातो.

मी पहिलं पाऊल टाकलं. दुसरं माझं मी टाकलंच नाही, ते आपलं आपणच गेलं. मी पाण्यात बसलो. पडलो म्हणत नाही, कारण कॅमेरा मी वर धरला होता, ऑफिसचा होता. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात पट्टी, छातीपर्यंत पाणी. उठायला गेलो, पुन्हा बसलो. परत उठलो, परत बसलो. कासव दगडावरून हे सगळं शांतपणे बघत होतं. जागचं अजिबात हललं नाही.

तेवढ्यात शिट्टी वाजली. बागेचा सिक्युरिटीवाला धावत आला. मल्याळी, मिशीवाला.

"अरे भाई, ये क्या करता है? यल्ला, बाहर आओ!"

"फोटो निकालता था."

"पानी में बैठके?"

"साइज लेने का था."

त्याने माझ्या हातातली स्टीलची पट्टी बघितली. मग दुमडलेली पँट, मग काठावरचा जवळा, मग मांजरांची सभा. "तुम इदर मछली पकडता है?"

"नहीं हबीबी, फोटो."

"फोटो को सूखा मछली किसलिए?"

त्याने मला हात देऊन बाहेर काढलं, नाव लिहून घेतलं, आणि पुन्हा पाण्यात दिसलास तर रिपोर्ट करीन म्हणून सोडून दिलं. जाता जाता आपला रुमाल मात्र दिला. मी ओल्या पँटने रोल्लाच्या भर बाजारातून घरी आलो. मांजरांपैकी तीन सिग्नलपर्यंत सोबत होती.

घरी येईपर्यंत झोयाने व्हिडिओ ग्रुपवर टाकलेला होता. "इट वॉज फनी, पप्पा," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय खलास.

संध्याकाळी नासीरभाईचा फोन आला. त्याला हसू आवरत नव्हतं. "इकबाल, ते तुझं अरबी कासव आहे ना, ते आमच्या अमेरिकेतलं आहे. लाल कानवालं. पाळायला विकतात. मोठं झालं की लोक तळ्यात सोडून देतात. आमच्याकडे ढिगाने आहेत."

"आय वॉज चेकिंग दॅट ओन्ली," झोया मागून म्हणाली.

म्हणजे अमेरिकेच्या हरणांविरुद्ध मी अमेरिकेचंच कासव उतरवलं होतं. सगळ्यात वाईट हे की अम्मीने व्हिडिओ पाहिला होता, दोन निळ्या खुणा स्पष्ट दिसत होत्या, आणि ती काहीच बोलली नव्हती. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. हिवाळा न्यू जर्सीला गेला, हे मी मनाशी धरूनच चाललो. कॅमेरा ऑफिसला परत दिला. शाहीनने जवळ्याची चटणी केली, तीही मी ताटात तशीच ठेवली. मला खरंच रडू येत होतं.

तिसऱ्या दिवशी मी गोडाउनमध्ये असताना अम्मीचा फोन आला.

"इकबाल, तिकीट काढ."

"न्यू जर्सीचं? ते नासीरभाई काढेल ना."

"शारजाचं काढ."

मी गिअरबॉक्सवर बसलो. "अम्मी, अगं इथे बघायला काहीच नाही. कावळे आहेत. ते कासवसुद्धा अमेरिकेचं निघालं."

"माहीत हाय. नासीरने सांगितलं." "नासीरची हरणं आपलं आपण खातात, आपलं आपण जातात. नासीर पण बेस हाय, त्याचं सगळं जागच्या जागी हाय. तुला पंचेचाळीस वर्षांचा होऊन गुडघाभर पाण्यातून उठता येत नाय. मी तो व्हिडिओ दहा वेळा बघितला. पोर एवढी वर्षं परमुलखात एकटं, आणि आपण हरणं काय बघत बसायची? मी येते. इन्शाल्ला पुढच्या महिन्यात."

मी तिथेच, रेडिएटरच्या खोक्यांमध्ये, डोळे पुसले. घरी सांगितलं तर शाहीन आधी हसली आणि मग लगेच आंबोळीचा तवा शोधायला लागली. नासीरभाईने ग्रुपवर लिहिलं, "मी पण कुठे पडू का?" त्यावर अम्मीने त्याला एक बदाम पाठवला. मला नाही.

त्याच आठवड्यात मी व्हिजिट व्हिसाचा फॉर्म भरायला बसलो. येण्याचं कारण विचारलं होतं आणि खाली पर्याय दिले होते. पर्यटन, व्यवसाय, उपचार, कौटुंबिक भेट. 'पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला पाण्यातून बाहेर काढणे' असा पर्याय त्यात नव्हता, म्हणून नाइलाजाने मी कौटुंबिक भेटीवर खूण केली.