आत्यांचा आवाज आणि भंगारातली तीन डबडी

आत्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या गावात, कळसमध्ये, त्यांची हाक चार रानं ओलांडून जायची. आता त्या ताटावर पळी आपटून बोलवायला लागल्या. आवाज उरला तो त्यांच्या मोबाईलमध्ये. टाईप करता येत नव्हतं, म्हणून ऑपरेशनआधी घरच्या ग्रुपवर त्या सगळं बोलूनच पाठवायच्या, आणि त्यातलं निम्मं मलाच असायचं. "भाकरी हाय का पापड?" "दही लागू दे की! सारखं झाकान काढून काय बघती गं?" ऐकून माझं डोकं तडकायचं, आणि आम्ही बाकीचे ते लगेच पुसूनही टाकायचो. पण तो मोबाईल मधूनच बंद पडायला लागला, तशी माझीच झोप उडाली.

मी बारामतीत कंप्युटरचं काम करते. म्हटलं, घरातच सर्व्हर ठेवू. आवाज जपेल, आणि आत्यांनी दुसऱ्या मोबाईलवर बोट ठेवलं की वाजवेल. त्यावर फ्रीबीएसडी टाकायचं, म्हणजे कंप्युटर चालवणारी एक फुकटातली सिस्टिम, हे माझं पक्कं होतं. त्यावरून ऑफिसात मी एकाशी अबोला धरलेला.

आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मध्येच खोडा घातला. "अशी फुकटातली आनिक हायती व्हय?"

"आहेत. डेबियन, ओपनबीएसडी..."

"मग? नवं बेनं आनलं तर सगळ्या रानात लावतं का कोन? आधी प्लॉट कर. तीन सऱ्या, तीन बेनी. जे टिकंल ते आपलं."

ऊस लावणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार! भंगारातून तीन कंप्युटर आणले आणि ओसरीत ओळीनं मांडले. प्रत्येकावर एकेक सिस्टिम टाकली आणि तिन्हींवर आवाज उतरवले. डेबियन गरीब स्वभावाचं. जुनं वायफायसुद्धा निमूट चालवलं. फ्रीबीएसडीनं त्या वायफायला ओळखच दाखवली नाही. मी गुपचूप वायर ओढली आणि आबांना ठणकावून सांगितलं, वायरच चांगली असते. ओपनबीएसडी कडी लावून बसलेलं. सांगितल्याशिवाय काही म्हणजे काही चालू करत नाही. आबा त्याच्यावर खूश. "ह्याला राखनीला ठिव."

त्याच आठवड्यात आत्यांचा मोबाईल कायमचा गेला. आता आवाज फक्त या तीन डबड्यांत. आणि हे कळल्यावर आबांनी काय करावं? सरळ जाऊन मेन स्विच खाली ओढला!

"आबा! अहो, काय केलंत हे!"

"लाईट काय तुला इचारून जाती व्हय?"

खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला. आत्या पळी हातात घेऊन धावत आल्या.

स्विच वर केला. डेबियन लगेच उठलं, जसं काही झालंच नाही. ओपनबीएसडी डिस्क तपासत बसलं, आणि मध्येच थांबून मलाच विचारायला लागलं, पुढं काय करू. "हे सरकारी दिसतंय," आबा म्हणाले. फ्रीबीएसडीत मी आवाज दोन डिस्कवर ठेवले होते. तपासणी लावली तर ते म्हणालं, एका डिस्कवरची फाईल खराब होती, दुसरीवरून नीट केलीय. दोष भंगारातल्या डिस्कचा. पण तीच एक असती तर आवाज गेला असता, आणि आम्हाला कळलंही नसतं.

ती फाईल लावली. "दही लागू दे की!" आत्यांनी पळी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

"हेच बेनं," आबा एवढंच म्हणाले.

पुढं ते छान चाललं. पण माझा हात स्वस्थ बसतोय होय! एका रविवारी म्हटलं, चालतंय तर त्यावर नवी आवृत्ती घालून बघू. आधी आत धूळ किती ते बघायला कव्हर उघडलं, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"दही लागू दे की! सारखं झाकान काढून काय बघती गं?"

दारात आत्या. हातात नवा मोबाईल, चेहरा अगदी गंभीर.

"बघितलं म्हणून काय नासतंय का, आत्या?" माझ्या तोंडून गेलंच, नेहमीसारखं तावातावानं. मग लक्षात आलं, ऑपरेशननंतरचं हे आमचं पहिलंच भांडण. आत्या घाईघाईनं मोबाईलमध्ये मला द्यायला उत्तर शोधत होत्या. मी कव्हर लावलं आणि त्यांना ते सापडेपर्यंत गप उभी राहिले.