दहा तासांचं गार पाणी

वसंत केळुसकरला त्याच्या पार्कच्या डायरेक्टरनी फसवलं. वसंताच्या हातून त्यांनी एका मुक्या जनावराला फसवलं, आणि समोर बसून हा सगळा सौदा ठरवला तो मी. एवढं आधीच लिहून टाकतो, कारण इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत तासभर भाषणं झाली आणि यातलं एक वाक्यही कुणी उच्चारलं नाही.

वसंताला जाऊन आता पाच आठवडे होतील. अजमानच्या एका सुपरमार्केटात तो मासळीच्या काउंटरवर होता. सकाळी कोल्ड रूममध्ये क्रेट उचलायला वाकला, तिथेच बसला, आणि पुन्हा उठला नाही. मी शारजाच्या औद्योगिक भागातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये एका गिऱ्हाइकाशी कॉम्प्रेसरवरून हुज्जत घालत होतो, तेव्हा त्याच्या मुलीचा, ईशाचा, फोन आला. तीन वर्षांत ती पोरगी माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. "काका, बाबा इज नो मोर," एवढंच म्हणाली आणि फोन तसाच धरून राहिली. समोरचं गिऱ्हाईक "यल्ला, यल्ला, फायनल बोलो" म्हणत घाई करत होतं... त्याला मी काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

आमची ओळख इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीतल्या खोलीतली. एका खोलीत सहा जण राहायचो. मी एसी मेकॅनिक होतो, अठ्ठेचाळीस डिग्रीत इमारतींच्या बाहेरच्या अंगाला लटकून गॅस भरणारा. तो वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. मी प्रत्येक गोष्टीवर भांडायचो, पाण्याच्या बाटलीपासून खोलीच्या भाड्यापर्यंत. तो कशावरच भांडायचा नाही. माझं आडनाव माने, पण मला 'मान्या' म्हणणारा या देशात तो एकटाच होता. पुढे मी चिलरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रांचं, काम धरलं, स्वतःचं वर्कशॉप काढलं, आणि तो त्या पाण्याच्या पार्कात मासे साफ करायला लागला. पार्कचं नाव लिहीत नाही. ते आता बंद झालंय, आणि ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवायही कळेल.

त्या पार्कात एक किलर व्हेल होती. काळीपांढरी, ट्रकएवढी. लहान असताना बर्फाळ समुद्रातून धरून आणलेली. लोक तिला देवमासा म्हणायचे, तर वसंता चिडायचा; ही डॉल्फिनची थोरली बहीण, मासा नव्हेच, म्हणायचा. जाहिरातीत तिचं नाव काहीतरी प्रिन्सेस होतं. वसंता तिला 'बाय' म्हणायचा, केळूसला धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. तिचं पाणी बारा डिग्रीवर ठेवायचं काम मला वसंतानंच मिळवून दिलं. पाणी आखाताचं, मीठ आखाताचं, पण थंडी माझी, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. वाळवंटात मी समुद्र गार ठेवतो, म्हणायचो. एकदा वसंतासमोर म्हणालो. तो हातातला बांगडा तपासत होता, मान वर न करता म्हणाला, "मान्या, ह्यो समुद्र न्हय रे. ही बरणी आसा. मीठ घातलेली."

तेव्हा मी हसलो होतो.

शो मी पाहिलेत, बरेच. ओल्या सूटमधली गोरी पोरं तिच्या नाकावर उभी राहायची, ती उडी मारायची, पुढच्या रांगेतली पोरंबाळं भिजायची, आणि माइकवरून सांगितलं जायचं की तिचं तिच्या ट्रेनरवर किती प्रेम आहे. आमच्या मंडळाची सहलही तिथे दोनदा गेलीय. त्या प्रेमाची मागची बाजू वसंताच्या ताब्यात होती. शोच्या आधी तिला किती कमी द्यायचं हे वरून ठरून यायचं, म्हणजे स्टेजवर ती हावरटपणे हुशार दिसेल. दिवसभर तिला करायला काही नसायचं. मग ती मधल्या गेटचे लोखंडी गज चावत बसायची. तिचे दात हिरडीपर्यंत झिजले होते. डॉक्टरांनी त्यांना भोकं पाडली होती, आणि दिवसातून दोनदा त्या भोकांतून पिचकारीनं औषधाचं पाणी मारावं लागायचं. दुखत असणारच. तरीही ती वसंतासमोर येऊन तोंड उघडून राहायची. गज वाकले की नवे गज माझीच माणसं वेल्डिंग करून द्यायची, आधीच्यापेक्षा जाड.

ती वसंतासमोरच तोंड का उघडायची, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. त्याचा एक नियम होता: रिकाम्या हातानं हाक मारायची नाही. हाक मारली म्हणजे हातात मासा असलाच पाहिजे, आणि तो तिला मिळालाच पाहिजे, मग तिनं काही करो वा न करो. ट्रेनर लोक घाईत असले की रिकामी बादली वाजवून तिला बोलावायचे. वसंता कधीच नाही. एकदा मी गंमत म्हणून काठावरून "बाये, ये गो" अशी त्याची हाक मारली. ती आली. माझ्या हातात काही नव्हतं. वसंता तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. भांडण न करणारा माणूस... मला वाटलं, एका जनावरावरून एवढं काय.

ईशा लहानपणी सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर तिथे जायची, काचेला नाक लावून बसायची. चौदा वर्षांची झाल्यावर तिनं शाळेत या प्राण्यांवर काहीतरी लिहिलं, त्यासाठी वाचलं, आणि पार्कात जायचं बंद केलं. मी जेवायला त्यांच्या घरी होतो तेव्हाचा प्रसंग. ती बापाला म्हणाली, "व्हाय डू यू वर्क देअर?" वसंता म्हणाला, अगो, मी गेलो तर तिचे दात कोण धुणार. पोरगी ताटावरून उठली. "दॅट्स व्हॉट दे ऑल से, बाबा." त्याची बायको, मेघनावहिनी, तिला ओरडली. त्या दिवसापासून वसंताच्या डोक्यात एकच होतं: बाय सुटली पाहिजे, आणि आपण सोडवली हे पोरीला दिसलं पाहिजे.

वर्षभरात तशी वेळ आली. शोला लोक कमी झाले, बाहेरून टीका व्हायला लागली, पार्कनं तो तलाव बंद करायचं ठरवलं. ऑपरेशन्सचे डायरेक्टर आमच्याच मंडळातले, पुण्याचे. गणपतीत पहिल्या आरतीला उभे असतात, सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी वसंताला सांगितलं की तिला उत्तरेकडच्या थंड समुद्रात नेणार आहेत, जाळी लावलेल्या खाडीत, तिथे शो नाही, टाळ्या नाहीत. अडचण एकच होती. तिला हलवायचं तर आधी छोट्या तलावात घ्यायला हवं, जिथे खालची जमीन वर उचलता येते, आणि त्या गेटातून ती कुणाचंच ऐकून जात नव्हती. पूर्वी एकदा तिथे नेऊन तिला औषधं टोचली होती, ते तिच्या लक्षात होतं. ती जाईल तर फक्त वसंताच्या हाकेवर.

वसंता माझ्याकडे आला. म्हणाला, मान्या, तुका व्यवहार कळता, तू चल माझ्यासोबत, काय ता लिहून घे. बस, एवढंच काम होतं माझं. लिहून घे.

मी गेलो. मी या देशात कागदाशिवाय एक स्क्रूसुद्धा वर्कशॉपबाहेर जाऊ दिलेला नाही. वसंताला बाहेर बसवलं, आणि केबिनमध्ये अर्धा तास इंग्रजीत आणि हिंदीत बोलणं चाललं, मी टेबलावर बोट आपटून सांगितलं, कुठे नेणार ते लिहून सही करा, मगच वसंता हाक मारेल. डायरेक्टर साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले. "माने, आपण आपल्या माणसांत बोलतोय. लिहून घ्यायचं म्हटलं तर लीगलकडे जाईल, तीन महिने जातील, उन्हाळा लागेल. तुमचे चिलर तोवर टिकतील का, तुम्हीच सांगा. मी शब्द देतोय."

चिलर टिकणार नव्हते, ते मला माहीत होतं. पण खरं कारण ते नव्हतं, ते आज लिहितो. ज्या केबिनबाहेर मी वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या खुर्चीवर ताटकळलो, त्या केबिनमध्ये हा शिकलेला माणूस मला 'आपला' म्हणत होता. दुसऱ्या कुठल्याही भाषेत त्यानं शब्द दिला असता तर मी तो त्याच्या तोंडावर परत फेकला असता. मराठीत दिला, आणि मी वितळलो. बाहेर आल्यावर वसंतानं विचारलं, लिवून घेतलंस? मी म्हणालो, खलास, काम झालं, आपलाच माणूस आहे.

सकाळी सातला बायला हलवलं. वसंतानं गेटापलीकडे उभं राहून हाक मारली. हातात सगळ्यात मोठा मासा होता, त्याचा नियम त्यानं मोडला नाही. ती गेटापाशी थांबली, त्याच्याकडे बघत राहिली, मग आत आली. त्यानं मासा दिला. मागचं गेट बंद झालं. खालची जमीन वर यायला लागली, पाणी उतरत गेलं, आणि तिनं जो आवाज काढला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. वसंता तिच्या डोळ्याजवळ हात ठेवून मालवणीत काहीतरी बोलत होता. क्रेननं झोळी उचलेपर्यंत बोलत होता. घरी जाऊन त्यानं ईशाला सांगितलं की बाय समुद्राकडे गेली. पोरगी बापाच्या गळ्यात पडली. वहिनींनी मला फोन करून सांगितलं, त्या रडत होत्या.

चार महिन्यांनी ईशानं फोनवर एक व्हिडिओ पाहिला. दुसऱ्या देशातलं पार्क, निळं पाणी, गाणं, उड्या. पाठीवरच्या कलंडलेल्या पंखाला मागून एक खाच होती, ती तिनं लहानपणापासून पाहिलेली. तिनं फोन बापासमोर धरला. "यू न्यू, बाबा." त्यानं शपथा घेतल्या, तिचा विश्वास बसला नाही. वसंता दुसऱ्या दिवशी पार्कात गेला तो डायरेक्टरना भेटायला. ते मीटिंगमध्ये होते. आठवडाभर मीटिंगमध्येच होते. मग त्यानं नोकरी सोडली आणि मासळीच्या काउंटरवर उभा राहिला. घरात मुलगी त्याच्याशी कामापुरतं बोलायची, थँक यू, ओके, बाय; माझ्याशी तेवढंही नाही. तो मला एवढंच म्हणाला की बायनं मला माफ केलं नसेल तर समजू शकतो, तिला कुठे माहीत आहे मला काय सांगितलं होतं. पण माझं पोर...

आणि त्यानं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, भांडून मोकळा झालो असतो.

दहाव्याच्या दिवशी ईशानं मला बाल्कनीत बोलावलं. म्हणाली, काका, खरं सांगा, बाबांना माहीत होतं का? मी सगळं सांगितलं, केबिन, खुर्ची, शब्द. ती ऐकत होती. मग म्हणाली, "यू वुड से दॅट. यू आर हिज फ्रेंड. इज देअर एनिथिंग इन रायटिंग?"

एक कागद आहे माझ्याकडे. तिला नेण्याच्या पेटीचं पाणी गार ठेवायची व्यवस्था माझ्याच वर्कशॉपनं केली, त्याची मागणी डायरेक्टरांच्या सहीनं आलेली. त्यात लिहिलंय: उचलल्यापासून उतरवेपर्यंत बारा डिग्री, दहा तास. त्या उत्तरेच्या खाडीपर्यंत विमान, मग ट्रक, मग बोट, निदान एक अख्खा दिवस लागतो. दहा तासांत तिथे पोचताच येत नाही. हा आकडा माझ्या हातात होता, मी त्यावरून बर्फ मोजला, यंत्र बसवलं, आणि एकदाही विचारलं नाही की दहाच कसे. वसंताला तो कागद कुणी दाखवला नव्हता. मी तो ईशाला दाखवला. तिनं दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "सो यू न्यू, काका." मी म्हणालो नाही, माझ्या लक्षात आलं नाही. ती म्हणाली, "अँड हाऊ डू आय नो ही डिडन्ट?"

माझ्या शब्दाला त्या घरात आता किंमत नाही, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून डायरेक्टर साहेब, हे तुमच्यासाठी लिहितोय. हे ज्या पुरवणीत छापून येईल ती तुमच्या घरी येते. शोकसभेत तुम्ही माइक हातात घेऊन म्हणालात की वसंता प्राण्यांसाठी जगला. छान बोललात, मराठीत. त्या कागदावर दहा तास लिहिताना पेटी कुठे चाललीय ते तुम्हाला माहीत होतं का? तुम्हालाही वरून खोटंच सांगितलं असेल तर तेही सांगा, मी ऐकून घेईन. पण वसंताला तुम्ही काय सांगितलं होतं, हे सांगू शकेल असा जिवंत माणूस माझ्याशिवाय तुम्हीच आहात, आणि माझं कुणी ऐकत नाही. ईशा रविवारी सकाळी घरी असते. पत्ता मंडळाच्या यादीत आहे. तिच्यासमोर बसा, आणि तिच्या बापाला ठाऊक नव्हतं हे तुमच्या तोंडानं सांगा. मी आत येणार नाही, खाली गाडीत बसेन. पण या वेळी लिहूनही द्या, आणि खाली सही करा.