नकाशाचे पदर उलगडणाऱ्या वन्सं

हिराबाईंचा फोन आला तेव्हा मी ऐरोलीला, ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. हिराबाई आमच्या शेजारीण. त्या मला एरवी कधी फोन करत नाहीत. काही हवं असलं तर सरळ दार वाजवतात. त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव दिसताच मी टेबलावरून उठून बाहेर आले. ‘‘मीनल, बाईंचं दार उघडत नाय. दुधाची पिशवी अजून कडीलाच हाय,’’ त्या म्हणाल्या, आणि मग थोडं थांबून, अगदी हळू, ‘‘तू ये.’’ मी प्रकाशला, माझ्या नवऱ्याला, फोन लावला. तो जवळच बाजारात गेला होता, लगेच परतला. दुसरी किल्ली आमच्याकडे असायची. मी ऐरोलीहून करंजाड्याला घरी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. वन्सं रात्री झोपेतच गेल्या होत्या. कुशीवर वळून, हात उशीखाली घेऊन… रोज झोपायच्या तशाच. हिराबाई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसून होत्या आणि कुणी आलं की फक्त मान हलवत होत्या.

वन्सं म्हणजे प्रकाशची मोठी बहीण, शालिनी. लग्न केलं नाही. साताऱ्याकडच्या एका गावात आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर, छोटासा फ्लॅट घेऊन राहायला आल्या. ‘‘तुमच्यात राहणार नाही, तुमच्याजवळ राहीन,’’ असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मला वाटायचं, इतकी वर्षं शाळेत काढलेल्या बाईला इथे करमणार कसं? समोर अर्धवट बांधलेल्या इमारती, खाली डंपर, ओळखीचं कुणी नाही. पण त्या कंटाळल्या नाहीत. त्यांच्या एका भाचीनं वापरून सोडलेला लॅपटॉप त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडला, चष्म्याची दोरी गळ्यात अडकवली आणि एक दिवस मला वर फोन करून म्हणाल्या, ‘‘खाली ये जरा. यादीत नाव आहे, नकाशावर काहीच नाही. हा काय प्रकार आहे?’’

त्यांना इंटरनेटवर एक सरकारी नकाशा सापडला होता. डावीकडे लांबलचक यादी, तिच्यात रस्ते, नद्या, जंगलं, गावांच्या हद्दी, जुने सर्व्हे, वेगवेगळ्या वर्षांचे उपग्रहाचे फोटो. हवं त्या नावापुढे टिक केली की ती माहिती मूळ नकाशावर येऊन बसते. म्हणजे बसायला हवी. वन्संनी टिक केली होती आणि काहीच आलं नव्हतं. मी ऑफिसात विम्याच्या क्लेमची कामं बघते, नकाशातलं मला ओ की ठो कळत नाही. पण दोघींनी मिळून खटपट केली तेव्हा लक्षात आलं, की काही नावं फिकट दिसतात ती जवळ गेल्याशिवाय उघडतच नाहीत. भरपूर झूम केलं आणि एकदम निळ्या रेघांचं जाळं स्क्रीनवर उमटलं. वन्सं खुर्चीत मागे रेलल्या. ‘‘पोरांना हेच सांगायचे मी. लांबून बघून काही दिसत नाही.’’

पुढे त्यांनी मला केव्हाच मागे टाकलं. नकाशावर चढणाऱ्या अशा प्रत्येक माहितीला लेयर म्हणतात, पण तो शब्द त्यांना आवडायचा नाही. थर म्हणावं तर सिमेंट आठवतं म्हणायच्या. त्या ‘पदर’ म्हणायच्या. ‘‘नदीचा पदर रस्त्याच्या खाली गेलाय, वर घे.’’ ‘‘हा पदर जरा विरळ कर, खालचं दिसू दे.’’ विरळ करायची एक पट्टी असते, ती सरकवली की वरचा नकाशा हळूहळू पारदर्शक होत जातो आणि खालचा वर येतो. ती पट्टी सरकवण्यात त्यांना भलतीच गंमत वाटायची. नदी शोधताना मात्र त्या फसल्या होत्या. यादीत ‘ड्रेनेज’ असा एक पदर होता. गटारं असतील म्हणून त्यांनी तो कितीतरी दिवस उघडलाच नाही, आणि नद्या-ओढे सगळे नेमके त्यातच होते. त्यावर त्या स्वतःच इतक्या हसल्या की ठसका लागला.

या नादातून आमच्या सोसायटीलाही प्रसाद मिळाला. बी विंगच्या पार्किंगमध्ये दरवर्षी पाणी का तुंबतं, हे त्यांनी उताराचा आणि ओढ्याचा पदर एकावर एक ठेवून शोधून काढलं, प्रिंट काढला आणि नोटीस बोर्डावर लावला. जुना ओढा बरोबर आमच्या कंपाउंडखालून जात होता. सेक्रेटरी घरी आले. ‘‘मॅडम, नकाशा बरोबर असंल हो, पण आता सोसायटीचं इलेक्शन आहे. लोकांना टेन्शन येतं.’’ वन्सं म्हणाल्या, ‘‘इलेक्शन झाल्यावर ओढा जाणार आहे का?’’ प्रिंट तिथेच राहिला. सेक्रेटरीही राहिले, आणि पुढच्या वर्षी पाण्याला वाट काढून दिली, हेही सांगायला हवं.

हिराबाई आमच्या मजल्यावरच्या. विमानतळाच्या कामासाठी खाडीकाठची जी गावं उठली त्यांतल्या एका गावच्या. मुलाबरोबर, सुनेबरोबर इकडे राहायला आल्या. एकदा तांदळाच्या भाकऱ्या घेऊन वन्संकडे गेल्या तेव्हा वन्सं लॅपटॉपसमोर लसूण सोलत, नकाशा उघडायची वाट बघत बसल्या होत्या. मीही तिथे होते. हिराबाई बराच वेळ उभ्या राहून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘बाई, यात आमचं गाव दिसंल काय?’’

वन्संनी नाव टाइप केलं. नकाशाला ते नाव माहीत नव्हतं. वन्संना ते लागलं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. गाव नाही म्हणजे काय, असा तो चेहरा होता. मग त्या यादीत शिरल्या. दोन-चार दिवसांनी त्यांना गाव उठायच्या आधीचा एक उपग्रहाचा फोटो सापडला, जरा धुरकट, पण घरांची छपरं, बांध, खाडीलगतच्या खाजणातलं पाणी सगळं असलेला. त्यांनी हिराबाईंना बोलावलं आणि खुर्चीत बसवलं. हिराबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि ओशाळून म्हणाल्या, ‘‘मना नाय वलखत. वरनं कसं वलखू? मी कवा वरनं बघितलंय?’’

त्यांच्या जागी मी असते तर तिथेच थांबले असते. वन्संनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. ‘‘बरोबर आहे. वरून नका बघू. चालत चला. एसटीतनं उतरलात की आधी काय लागायचं?’’ हिराबाई म्हणाल्या, देवीचं देऊळ. वन्संनी देवळाचं छप्पर शोधलं, हिराबाईंचं बोट धरून त्यावर ठेवलं. ‘‘मग?’’ मग शाळा. मग पाण्याची टाकी. मग होळीचं मैदान. हिराबाईंचं बोट काचेवरून सरकायला लागलं आणि थोड्या वेळानं वन्संना ते धरावं लागलं नाही. ‘‘हे सखूचं घर. ही आमची पडवी… हां, हीच. हितनं मागनं उतरायचं, बांधावर. बांधानं सरळ गेलं की उघाडी, खाडीचं पानी अडवायची. उघाडीच्या अलीकडं भेंडीचं मोटं सावलीचं झाड.’’ तिथे बोट थांबलं. आम्हाला वाटलं, रस्ता चुकला. वन्सं म्हणाल्या, ‘‘पुढे?’’

‘‘पुढं नाय,’’ हिराबाई म्हणाल्या. ‘‘तिथं माजी पोर हाय.’’

त्यांची पहिली मुलगी. रांगायला लागली होती, तेवढ्यात तापानं गेली. लहान मूल म्हणून जाळलं नाही, भेंडीच्या झाडाखाली पुरलं. पुढे मुलगे झाले, घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. गाव उठलं तेव्हा लोकांनी देव नेले, दारं-खिडक्या काढून नेल्या. हिराबाईंना मात्र कुणाला काही विचारता आलं नाही. काय विचारणार? आणि मग विमानं उडायला लागली. घरात सगळे गॅलरीत जाऊन कौतुकानं बघायचे, आणि या आत जाऊन बसायच्या. ‘‘बाई, मना येवढंच सांगा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तिच्यावरनं इमान जातं काय?’’

त्यानंतरचे कितीतरी दिवस वन्संनी दुसरं काही केलं नाही. जुना फोटो, त्याच्याही आधीचा सर्व्हेचा नकाशा आणि आजचा फोटो, असे तीन पदर त्यांनी एकावर एक ठेवले. ते एकमेकांवर नीट बसत नव्हते. जुन्या नकाशातला रस्ता नव्या फोटोत बाजूला सरकायचा. मग जे बदललेलं नाही असं काय आहे ते त्यांनी शोधलं, एक डोंगराचं टोक, एक रेल्वेचा पूल, आणि त्यांच्या आधारानं किती फरक पडतो ते बघून अंदाज बांधला. संध्याकाळी मी खाली गेले की त्या मला दाखवायच्या. एकदा मी न राहवून म्हटलं, ‘‘वन्सं, समजा खरंच धावपट्टीखाली निघालं तर? सांगणार आहात? नाही कळत म्हणून सांगा ना. त्यांचं वय बघा.’’ वन्संनी चष्मा काढला. ‘‘खोटं सांगायला नकाशा कशाला लागतो, मीनल?’’ मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, ‘‘मलाही भीती वाटते गं. म्हणून तर तीन-तीनदा बघतेय.’’

त्यांनी हिराबाईंना सांगितलं तेव्हा मी मुद्दाम गेले होते. त्यांनी काही लपवलं नाही. झाड नाही, बांध नाही. वरून खूप मातीचा भराव टाकलाय. पण धावपट्टी तिथून बाजूला आहे. ती जागा विमानतळाच्या कुंपणाच्या आत, मोकळ्या पट्ट्यात येते. ‘‘थोडं इकडेतिकडे होऊ शकतं, हिराबाई. पण धावपट्टी नक्की नाही. तिथे आता गवत आहे.’’ हिराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. ‘‘गवत हाय म्हंजे बरं,’’ त्या म्हणाल्या. आणि मग, ‘‘यात नाव लिवता येतं काय?’’ वन्संनी त्या जागेवर एक ठिपका ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. ‘‘चंद्रा. बारसं झालं व्हतं तिचं.’’ वन्संनी टाइप केलं. चंद्रा. हिराबाईंना वाचता येत नाही, पण त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

पुढच्या आठवड्यात दोघी रिक्षा करून गेल्या. बाहेरच्या रस्त्यावरून ती जागा जिथून सगळ्यात जवळ पडते, तिथपर्यंत. वन्संनीच मला नंतर सांगितलं. मोबाइलवर नकाशा धरून त्यांनी हात लांब केला आणि म्हणाल्या, सरळ या दिशेला. हिराबाईंनी आणलेली अबोलीची वेणी कुंपणाच्या तारेत अडकवली. तिथे नुसत्या उभ्या राहिल्या. एक विमान गेलं, त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, ‘‘चला बाई, ऊन झालं.’’ येताना त्यांनी रसवंतीवर वन्संना उसाचा रस पाजला. घरी आल्यावर त्यांनी मुलाला सांगितलं, की तुला एक बहीण होती. मुलगा पन्नाशीचा. त्याला हे पहिल्यांदा कळत होतं. वन्संना नेलं तेव्हा प्रकाशच्या मागे खांदा द्यायला तोच उभा राहिला, कुणी न सांगता.

त्या रिक्षाच्या फेरीनंतर मात्र वन्संच्या घरी उठलेल्या गावांतल्या लोकांची रीघ लागली. कुणाला विहीर बघायची असायची, कुणाला आजोबांचं शेत, कुणाला नुसताच रस्ता. वन्सं चपला बाहेर काढायला लावायच्या, एका वेळी एकालाच खुर्चीत बसवायच्या आणि कुणी घाई केली तर शाळेतल्यासारखं दटावायच्या. लोक निमूटपणे ऐकायचे. मला कधी कधी वाटायचं, निवृत्त झाल्यावर त्यांची खरी शाळा इथेच भरली.

त्या गेल्याला आता काही आठवडे झाले. फ्लॅटचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. मी संध्याकाळी जाऊन दिवा लावते, खिडक्या उघडते. मागच्या रविवारी अशीच गेले असताना दारात एक गृहस्थ उभे होते. जासईला कंटेनर यार्डात ट्रेलर चालवतात म्हणाले. ‘‘बाई हायेत काय? मना त्यांचा पत्ता मावशीनं दिला.’’ मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ‘‘माफ करा, मना ठावं नव्हतं,’’ म्हणत ते जिना उतरायला लागले. दोन-तीन पायऱ्या उतरू दिल्या आणि मग मीच हाक मारली. ‘‘या आत. मला त्यांच्याइतकं येत नाही, पण बघू.’’

लॅपटॉप उघडला. यादी, टिक, वाट बघणं… माझ्या हाताला वेळ लागत होता. ते गृहस्थ गुडघ्यावर हात ठेवून शांत बसले होते. मी वन्संसारखंच विचारलं, एसटीतनं उतरलात की आधी काय? त्यांना त्यांच्या वडलांनी लावलेला आंबा बघायचा होता. शेवटी जुन्या फोटोत तो दिसला, एका छपरामागे गडद हिरवा गोळा. त्यांनी ‘हां’ एवढंच म्हटलं. मग खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

वन्संची एक सवय होती. समोरच्याला त्याचं घर सापडलं, की त्या लगेच उठायच्या. चहा टाकते म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर यायच्या नाहीत. एवढा वेळ चहाला लागतो का, असं मी एकदा विचारलं होतं. ‘‘माणूस घरी पोचला की आपण दारात उभं राहू नये,’’ त्या म्हणाल्या होत्या.

मी उठले. ‘‘चहा टाकते,’’ म्हटलं आणि आत आले. त्यांच्याच पातेल्यात आधण ठेवलं, गॅस अगदी बारीक केला, आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहिले.