बदली मामा

“घेतलं म्हणा, काका.”

मानवतहून हैदराबादला परत निघताना तो हे म्हणायचाच. खांद्याला बॅग, पायात बूट, बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवतोय, आणि हा माझ्या ओट्यावर उभा राहून आपल्या घराची एकेक गोष्ट मला सांगतोय. सिलिंडर बंद केलाय. मोरीतला नळ गळतोय, खाली बादली लावलीय. माळवदावर मांजर व्यालीय, तिला हुसकू नका. मग किल्ली माझ्या हातावर ठेवायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. नुसती मान हलवून भागायचं नाही. ‘घेतलं’ असं तोंडाने म्हटल्याशिवाय पठ्ठ्या ओट्यावरून उतरायचा नाही.

आधी मला वाटलं, हैदराबादेत राहून पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. शेजारचं पोर, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेलं, म्हणून काळजीही वाटली. नंतर कळलं की हा त्याच्या नोकरीतला नेम आहे.

गल्लीतल्या लोकांना वाटायचं हा विमान चालवतो. बायका विचारायच्या, वर भ्या वाटत न्हाई का रे? तो म्हणायचा, मी खालीच असतो. विमानाने कोणत्या वाटेने जायचं, वाटेत ढग कुठे, इंधन किती घ्यायचं, उतरायच्या गावी धुकं असलं तर दुसरीकडे कुठे उतरायचं, हे जमिनीवर बसून ठरवणारा माणूस असतो. त्याला डिस्पॅचर म्हणतात. त्याची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. मी जन्मभर एसटीत कंडक्टर होतो, मला लगेच उमगलं. म्हटलं, म्हणजे आमच्या स्टँडातला कंट्रोलर की. तो हसला. तसंच समजा म्हणाला, फक्त आमची गाडी रस्त्याच्या कडेला लावता येत न्हाई.

तर तिथला नेम असा की पाळी संपली तरी एकदम उठायचं नाही. पुढचा माणूस येणार, वर असलेल्या एकेका विमानाचं नीट ऐकून घेणार आणि ‘घेतलं’ म्हणणार. मगच खुर्ची सोडायची. नेम चांगला आहे, त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण हल्ली घेणाराच यायचा नाही.

माणसं एकेक करून सोडून गेली. नवा माणूस परीक्षा देऊन, शिकून तयार व्हायला वेळ लागतो, आणि कंपनीला कसली घाई? विमानं वाढत गेली, बसणारे कमी होत गेले. पाळी संपता संपता फोन यायचा, अजून थांबा. सुट्टीच्या दिवशी फोन यायचा, या. सांगायचे विनंती म्हणून, पण नाही म्हणणाऱ्याचं नाव वर जायचं. आमच्यात याला डबल ड्युटी म्हणत. त्यांच्यात काहीतरी इंग्रजी नाव आहे. झोप दोन्हीकडे सारखीच जाते.

मी त्याला म्हणायचो, सरळ उठून ये. मी डेपो मॅनेजरच्या तोंडावर तिकिटांची पेटी आपटून घरी आलेला माणूस आहे, मला काय धाड भरली? तो सगळं ऐकून घ्यायचा.

“तुमी गाडी डेपोत लावून भांडायचात, काका,” एकदा म्हणाला. “माझ्या गाड्या वर असत्यात.”

ते खरंच होतं. राग मात्र जाईना. त्याच्या ज्या साहेबांना मी जन्मात पाहिलं नाही, त्यांना मी आमच्या ओट्यावरून लय शिव्या घातल्या आहेत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी गावी येतात ती फक्त झोपायला. हा दोन दिवसांसाठी यायचा आणि हातात चहाचा कप धरून बसल्या जागी डुलक्या द्यायचा. आमची मंडळी भाकरी-पिठल्याचं ताट घेऊन जायची, तर हा अर्धी भाकरी खाऊन भिंतीला टेकलेला. ताट उचलून आणताना ती म्हणायची, हे पोरगं झोपायसाठी रजा काढायलंय. गल्लीत नवी बिऱ्हाडं आली होती, त्यांतलं कोणीही त्याला ओळखत नव्हतं. आईवडील दोघं गेले, घराला कुलूप, मित्र पांगलेले. झोपून उठला की संध्याकाळी एकटाच रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचा.

स्थळं यायची आधी. राणीसावरगावची मंडळी तर ठरवून, गाडी करून बघायला आली, आणि याची रजा आदल्या दिवशी रद्द झालेली. शेवटी मीच कुलूप काढून घर दाखवलं, पोहे दिले. मुलीच्या वडिलांनी निघेपर्यंत मलाच निरखून घेतलं, माझी पेन्शनसुद्धा विचारली. ही गोष्ट मी त्याला रंगवून सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला. पुढे स्थळं यायची थांबली आणि त्यावर हसायचंही थांबलं.

त्याचं म्हणून जे काही होतं ते जिंतूरला होतं. मोठी बहीण आणि तिच्या दोन पोरी. भाच्यांचा विषय निघाला की त्याची झोप उडायची. कोणीतरी विचारलंय म्हणून सांगावं तसं एकदा आपणहून म्हणाला, “मला बायको न्हाई, लेकरू न्हाई. पण त्या दोघींच्या लग्नात पाठीशी उभं राहायला माझ्याबिगर दुसरं कोण हाय, काका? तेवढं मला पायजे.”

तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे मामाशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी मामाच उभा लागतो.

थोरलीच्या लग्नाची रजा त्याने कितीतरी आधी मंजूर करून घेतली होती. लग्न तोंडावर आलं आणि त्यांच्यातल्या एकाने राजीनामा दिला, दुसरा आजारी पडला. लग्नाच्या सकाळी मी जिंतूरला कार्यालयाच्या दारात याची वाट बघत उभा, तर फोन आला. घराची किल्ली देताना बोलायचा त्याच सुरात बोलत होता. मामाकडची पिवळी साडी ताईकडं पोचलीय. नारळ तिच्या पिशवीत हाय. नवरीला हाताला धरून आणा, मंगलाष्टकं संपेपर्यंत जागचं हलू नका. ती रडायला लागली तर खांद्यावर नुसता हात ठेवा, लहानपणापासून तिला तेवढं पुरतं.

मग थांबला आणि म्हणाला, “घेतलं म्हणा.”

मी म्हटलं, घेतलं.

मानलेल्या नात्याने बघितलं तर मी त्या पोरीचा आजोबा, पण उभा राहिलो मामा म्हणून. फेटा बांधून घेतला. ती रडली तेव्हा खांद्यावर हात ठेवला. पुढे तो मानवतला आला तेव्हा हे सगळं त्याने मला पहिल्यापासून सांगायला लावलं. तिनं मागं वळून बघितलं का, असं विचारलं. म्हटलं, एकदा बघितलं.

धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा त्याची ताई स्वतः मानवतला आली. अक्षता माझ्या हातात देऊन म्हणाली, काका, या वेळेस बी तुमीच उभं राहा. त्याला विचारलंस का, म्हटलं. ती म्हणाली, कशाला त्याच्या जिवाला घोर? तो हो म्हणणार, मग त्याला सोडणार न्हाईत, मग आमी मुहूर्तापर्यंत रस्त्याकडं डोळे लावून बसणार. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी त्याला फोन केला. म्हटलं, तू ये, या वेळी मी फेटा बांधून घ्यायचा नाही. तो म्हणाला, ताईनं बरोबर केलं. तुमी असल्यावर तिला काळजी न्हाई.

लग्नाच्या दिवशी माझी मिजास टिकली नाही. मुहूर्त आला, पोरगी माझ्याकडे बघायला लागली, आणि मी फेट्याखाली डोकं दिलं. मंगलाष्टकं सुरू झाली. दुसऱ्यांदा अक्षता पडल्या तेव्हा तो मला दिसला. मागे खांबाशी, पुरुषांच्या गर्दीत. खांद्याला बॅग, शर्ट चुरगळलेला, मुठीत अक्षता. ड्युटीवरून उठून तसाच गाडीत बसला असणार. मी डोळ्यांनी खुणावलं, ये. एक पाऊल बाजूलाही सरकलो. त्याने मान हलवली आणि हाताचा पंजा दाखवला, तिथंच थांबा म्हणून. सगळ्यांनी अक्षता टाकल्या तेव्हा त्यानेही टाकल्या.

लग्न लागल्यावर मी त्याचा दंड धरला. मी चिडलो होतो. म्हटलं, जागा तुझी होती, मी सरकलो होतो, आला का नाहीस?

“सुरू झाल्यावर मधेच घ्यायचं नसतं, काका. घोटाळा होतो.”

“अरे, ते विमान नव्हतं रे,” मी म्हणालो. “तुझी पोरगी होती ती.”

तो हसल्यासारखं करून खाली बघत राहिला. ताई त्याच्या गळ्यात पडून रडली, पण तिला लगेच व्याह्यांकडून बोलावणं आलं. नवरी फोटोत अडकली होती. त्याची परतीची गाडी त्याच दिवशी होती.

त्यानंतर तो मानवतला आलेला नाही. फोन येतो कधीमधी, पाळी संपली की. घर मी झाडून घेतो. तो कसा असतो, काय खातो, मला काही ठाऊक नाही, आणि या वयात मला त्याची फार आठवण येते.

मला आठवतो तो धाकटीच्या लग्नाच्या पंगतीतला. मानाच्या पाहुण्यांत मला बसवलेलं, डोक्यावर फेटा तसाच. समोरच्या ओळीत, अगदी टोकाला, हा. नवरदेवाकडचा एक दांडगा गडी जिलेबीचं ताट घेऊन आग्रह करत फिरत होता. त्याच्यापुढे येऊन वाकला आणि विचारलं, “पाव्हणे, तुमी कोणाकडचे? नवरीच्या का नवरदेवाच्या?”

त्याने वर बघितलं. आधी त्या माणसाकडे, मग समोर माझ्याकडे, माझ्या फेट्याकडे.

“मी हैदराबादहून आलोय,” तो म्हणाला.

“लय लांबून आलात की,” तो गडी म्हणाला, एक जिलेबी जास्तीची वाढली आणि पुढच्या पानाकडे गेला.