शेवटचे वीस टक्के

माझ्या बायकोनं मला शेवटची हाक मारली होती की नाही, याची नोंद अकरा महिने आमच्या घरातल्या फळीवर पडून होती. तिच्या मोबाईलमध्ये. ती उघडून बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी उघडली नाही.

विजेवरची गाडी घ्यायचं तिच्याच डोक्यात आलेलं. मी ठाण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो. माल पास की नापास, एवढंच माझं काम. नव्याण्णव टक्के बरोबर म्हणजे माझ्या लेखी नापासच. ही खोड घरीही आली. आमटीत मीठ बरोबर असलं तरी मी दुसऱ्यांदा चाखून बघायचो. ती म्हणायची, "देवानं तुम्हाला हातात फूटपट्टी देऊनच खाली पाठवलंय." निवृत्तीनंतर मी घरातल्या डब्यांची झाकणं तपासायला लागलो, तेव्हा तिनं जाहीर केलं की ह्या माणसाला घराबाहेर काढायला काहीतरी हवं. ते काहीतरी म्हणजे ही गाडी.

आम्ही राहतो ठाकुर्लीला, जुन्या इमारतीत. खाली पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मिळावा म्हणून मी सोसायटीला तीन अर्ज दिले. तो विषय अजून पुढच्या सभेवर ढकलला जातो आहे. मग तिनं जुन्या परकराच्या कापडाची एक पिशवी शिवली आणि तिच्यात सगळे अडॅप्टर भरले. साध्या तीन पिनांचा, निळ्या मोठ्या सॉकेटला लागणारा, आणि एक, जो कशाला लागतो हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ती पिशवी घेऊन आम्ही विठ्ठलवाडीला तिच्या बहिणीकडे गेलेलो. तिथं वायर लावली तर चार्जरच्या डबीवर लाल दिवा. अर्थिंग नाही. बहिणीचा नवरा भडकला. "आमचा फ्रिज चालतो, मिक्सर चालतो, वॉशिंग मशीन चालतं. तुमच्याच गाडीला काय धाड भरलीये?" ही हसून म्हणाली, "भावजी, गाडी ह्यांच्यावर गेलीये. सगळं मनासारखं असल्याशिवाय पानावर बसत नाही."

तेव्हापासून आम्ही अडॅप्टरचा नाद सोडला आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर जायला लागलो. आम्ही म्हणजे मी. घरापासून वीस मिनिटांवर. दोन मशीनं, एक गुलमोहर, त्याच्याखाली चहाची टपरी आणि प्लास्टिकच्या चार खुर्च्या. मशीन चालू करायला एक कार्ड असतं, ते माझ्याकडे. पण खातं तिच्या नंबरावर होतं, कारण ओटीपी आला की मला चष्मा सापडेपर्यंत त्याची मुदत संपायची. म्हणून ॲप तिच्या मोबाईलमध्ये. मी कार्ड टेकवलं की घरी तिला दिसायचं, गाडी किती टक्क्यांवर आली. आणि तिथून तिला मशीन थांबवताही यायचं.

हे तिला थांबवता येतं, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं.

फास्ट चार्जरची एक रीत आहे. ऐंशी टक्क्यांपर्यंत गाडी घटाघटा पिते. पुढचे वीस टक्के मात्र चमच्यानं पाजल्यासारखे जातात, आधीच्या सगळ्याला लागला तेवढा वेळ खातात. म्हणून शहाणी माणसं ऐंशीला बंदूक काढून पुढच्याला जागा देतात. बंदूक म्हणजे मशीनच्या जाड वायरीचं तोंड, सगळे तिला गनच म्हणतात. मी शंभर होईपर्यंत बसायचो. शब्दकोडं सोडवत. मोबाईल गाडीतच, आवाज बंद करून. मला फोनचा वाजणारा आवाज आयुष्यात कधी आवडला नाही.

एकदा ऐंशीला मशीन आपोआप बंद पडलं. मी चरफडत घरी आलो आणि दारातूनच मशीनवाल्यांचा उद्धार सुरू केला. ही पोळपाटासमोर उभी, लाटणं हातात, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. मीच थांबवलं म्हणाली. पोळ्या गार होतात, फोन तुम्ही उचलत नाही, मग काय करू?

तिथून तो आमचा खेळ झाला. मशीनच्या पंख्याची घरघर थांबली की समजायचं, घरी पान वाढायला घेतलंय. कधी मी लगेच निघायचो. कधी मुद्दाम पुन्हा कार्ड टेकवायचो, म्हणजे तिला कळावं, येतो, जरा थांब. ती पुन्हा बंद करायची. टपरीवाला म्हणायचा, "काका, तुमच्या गाडीला फिट येते काय हो?" चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही इतकं लाडीगोडीनं कधी बोललो नव्हतो, जेवढं त्या मशीनमधून बोलत होतो.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी मशीन एक्क्याऐंशीला थांबलं.

मी खुर्चीतून उठलो. मागे कोणी गाडी लावून वाट बघत नव्हतं. बारा वाजून गेले होते, जेवणाची वेळ अजून व्हायची होती. मी म्हटलं, आज हिला घाई झालीये. कार्ड टेकवलं. घरघर सुरू झाली. दहाएक मिनिटांत पुन्हा थांबली, शहाऐंशीला. मी मोठ्यानं, टपरीवाल्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "पुरे की गं आता!" आणि पुन्हा कार्ड टेकवलं. मग मात्र मशीन थांबलं नाही. एक वाजून गेल्यावर गाडी शंभर टक्के भरली. जिंकल्यासारखा मी गन काढून जागेवर ठेवली आणि घरी निघालो.

दाराला कुलूप होतं. कुलपासमोर उभं राहून मी मोबाईल बघितला. तिचे पाच कॉल.

तिच्या छातीत दुखायला लागलं होतं. शेजारच्या वहिनींनी तिला रिक्षात घालून डोंबिवलीला हॉस्पिटलात नेलं. मी पोचलो तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन उभे होते. "अर्धा तास आधी," असं म्हणाले आणि माझ्याकडे बघून गप्प झाले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गेले अकरा महिने मी ते रोज पुरं करतो आहे.

पाच कॉलचं मी स्वतःला समजावू शकलो. फोन वाजला नाही, मला कळलं नाही. निष्काळजीपणा म्हणा, पण कळलं नाही. मशीनचं तसं नव्हतं. ते तिनं थांबवलं असेल, तर तिची हाक मला ऐकू आली होती. दोनदा. आणि मी दोन्ही वेळा माझ्या हातानं नाही म्हटलं होतं. तिनं थांबवलं नसेल, तर त्या उन्हात मशीन आपलं आपण बंद पडलं असेल. पडतंही तसं. मेमध्ये दोन्ही मशीनं तापून अधूनमधून मान टाकतात. मशीनच्या पडद्यावर फक्त 'चार्जिंग थांबले' एवढंच येतं. कुणी थांबवलं, ते ॲपमधल्या जुन्या नोंदींत लिहिलेलं असतं.

मुलगी वर्तकनगरला असते. मी तिला सुतकाच्या दिवसांतच हे सगळं सांगितलं होतं. ती चटकन म्हणाली, "मशीनच असणार, बाबा. आई काय फोन करायचा सोडून ॲप उघडत बसेल का?" मला पटलं नाही, पण मी ते धरून ठेवलं.

आईचा मोबाईल बंद करू या, असं तिनं एकदोनदा सुचवलं. मी करू दिला नाही. देवाशेजारच्या फळीवर तो असतो, मी रोज चार्ज करतो. खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटते आणि तो नसला तर त्याहून जास्त वाटेल.

गाडी चालवावी लागतेच. दिवाळीनंतर एका दुपारी मी त्याच मशीनवर होतो आणि ऐंशीला घरघर थांबली. टपरीवाल्यानं चहा पुढे केला होता, तो मी घेतला नाही. गन काढली ती धड जागेवर ठेवली की नाही तेही आठवत नाही. घरापर्यंतची वीस मिनिटं मी एकच करत होतो, हॉर्न वाजवत होतो. जिने चढलो, कुलूप उघडलं आणि मोठ्यानं म्हणालो, "आलो गं."

घरात कोणी नव्हतं. फळीवरच्या मोबाईलचा पडदा मघाच्या संदेशाची आठवण द्यायला पुन्हा उजळला होता. 'चार्जिंग थांबले.' मी बघता बघता तो विझला. स्वयंपाकघरात जाऊन मी पोळपाट बघून आलो. का, ते विचारू नका. तो भिंतीला टेकवून कोरडा ठणठणीत उभा होता.

वहिनींचं एक वेगळंच. रिक्षात काय झालं, ते त्या येईल त्याला सांगतात. ठाकुर्लीच्या पुलाजवळ रिक्षा अडकली होती. ही डोळे मिटून वहिनींच्या खांद्यावर पडलेली, मोबाईल मुठीत घट्ट. मधूनच डोळे उघडायची, परत मिटायची. एकदा डोळे उघडले आणि एकदम शांत होऊन म्हणाली, "निघाले हं ते आता." मोबाईल वहिनींच्या हातात दिला. "आणि भाऊजी," वहिनी मला सांगतात, "घड्याळ बघितलेलं ना मी. एक वाजून आठ-नऊ मिनिटं. तुम्ही पण तेव्हाच निघालेलात ना? जाणाऱ्या माणसाला कळतं हो सगळं. दिसतं त्यांना." मी खरोखरच तेव्हा निघालो होतो. इमारतीत सगळ्यांनी याला हात जोडले. मी पट्टी लावणारा माणूस, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण रात्रंदिवस ते वाक्य माझ्यामागं होतं. तिला मी दिसलो. म्हणजे त्याआधीही दिसत असणार. गुलमोहराखाली, शब्दकोड्यासकट.

या महिन्यात तिच्या मोबाईलवर संदेश आला. ॲप बंद होतंय, नवीन घ्या, महिनाअखेर जुन्या नोंदी पुसल्या जातील. मी तो आठ दिवस रोज वाचला. पुसू द्यावं, असं सात दिवस ठरवलं. पण एकतीस वर्षांत मी न तपासलेला माल कधी बाहेर जाऊ दिला नव्हता.

वर्षश्राद्धाच्या तयारीला मुलगी आलेली होती. ती आत स्वयंपाक करत होती, तेव्हा मी फळीवरून मोबाईल घेतला आणि नोंदी उघडल्या.

आधी सगळ्या जुन्या तारखा आल्या. ऐंशी टक्के, ॲपमधून थांबवले. ऐंशी, ॲपमधून थांबवले. ब्याऐंशी, ॲपमधून थांबवले. एवढ्या वेळा तिनं मला जेवायला बोलावलं होतं. मग ती तारीख. बारा वाजून बारा मिनिटं, एक्क्याऐंशी टक्के, ॲपमधून थांबवले. बारा चोवीस, शहाऐंशी टक्के, ॲपमधून थांबवले.

मी तिथंच थांबणार होतो. पण खाली तिसरी ओळ होती. एक वाजून आठ मिनिटं, शंभर टक्के, चार्जिंग पूर्ण.

एक वाजून आठ मिनिटांनी ती पुलाजवळ रिक्षात होती.

तिला काही दिसलं नव्हतं. ती आकडा बघत होती. छातीवर हात दाबून, डोळे उघडून उघडून, ब्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. तिनंच थांबवलं असेल, तर तिसऱ्यांदा थांबवायची तिच्यात ताकद उरली नसेल, असं मी अकरा महिने धरून चाललो होतो. बोट लावायला कितीशी ताकद लागते? तिनं थांबवलं नाही, कारण ती मला ओळखून होती. थांबवलं तर मी पुन्हा कार्ड टेकवणार आणि आणखी उशीर होणार. शंभर झाल्याशिवाय मी हलणार नाही. म्हणून ती शंभर व्हायची वाट बघत होती.

मुलगी पदराला हात पुसत बाहेर आली. मी मोबाईल तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही, पडद्याकडे बघितलंही नाही.

"पाहिलंय मी, बाबा," ती म्हणाली. "तेराव्याच्या आधीच."

"मग मशीन असणार म्हणालीस ते?"

"तुम्ही चार दिवस जेवला नव्हतात."

तिनं माझ्या हातातून मोबाईल काढून फळीवर ठेवला आणि आत गेली. थोड्या वेळानं ताटवाटी मांडल्याचा आवाज आला. ती हाक मारणार, त्याच्या आधी मी उठलो.